चोवीस वर्षांनंतरचा आवाज

२५ मे २०१४ ची रात्र. अमेरिकेतल्या सेंट पॉल शहरातलं फिट्झगेराल्ड थिएटर. ‘ईल्स’ नावाच्या, फारशा गाजावाजाच्या वाट्याला न गेलेल्या बँडचा कार्यक्रम संपत आलेला. शेवटच्या जादा गाण्यांच्या वेळी पासष्ट वर्षांचा एक माणूस मंचावर येतो. लांब काळे केस, चेहऱ्यावर संकोच आणि आनंद एकदमच. लोकांना तो कोण आहे हे कळतं आणि थिएटरमध्ये एकच कल्लोळ उठतो. स्टीव्ह पेरी. ‘जर्नी’ या बँडचा गायक. जवळजवळ एकोणीस वर्षं तो कुठल्याही मैफलीत गायला नव्हता. त्या रात्री तो तीन गाणी गायला, त्यातली दोन त्याच्या जुन्या बँडची. ‘ओपन आर्म्स’ सुरू झालं तेव्हा प्रेक्षकही त्याच्याबरोबर गात होते.

त्या रात्रीची चित्रफीत मी अनेकदा पाहिली आहे. प्रत्येक वेळी नजर त्याच्या खांद्यांवर जाते. वरचा सूर जवळ आला की ते किंचित आवळतात. एके काळी तो सूर सहज हाताला लागायचा, आता तो मागावा लागतो आहे, आणि तो मागायची त्याची तयारी आहे.

पुढे चार वर्षांनी, ५ ऑक्टोबर २०१८ रोजी, त्याचा ‘ट्रेसेस’ हा अल्बम आला. आधीचा एकल अल्बम १९९४ चा. मधे चोवीस वर्षं गेली होती. पेरी एकोणसत्तर वर्षांचा होता. बिलबोर्डच्या अल्बम-यादीत ‘ट्रेसेस’ थेट सहाव्या क्रमांकावर दाखल झाला आणि सगळीकडून एकच प्रश्न विचारला गेला: आवाज अजून तसाच आहे का?

मला हा प्रश्नच चुकीचा वाटतो, आणि या लेखात माझं म्हणणं तेवढंच आहे. परतलेल्या गायकाकडून आपण त्याचा तरुणपणीचा गळा वसूल करायला बसतो. त्या वसुलीत त्याने आत्ता काय आणलं आहे हे ऐकायचंच राहून जातं.

पेरीच्या बाबतीत ही वसुली अधिकच जोरात होणार होती, कारण तो गळा खरोखर विलक्षण होता. कॅलिफोर्नियातल्या हॅनफर्ड या गावी १९४९ मध्ये पोर्तुगीज वंशाच्या घरात तो जन्मला. सुरुवातीला तो ड्रमही वाजवायचा. त्याचा आदर्श होता सॅम कुक, म्हणजे रॉकच्या अंगणाबाहेरचा, गॉस्पेल आणि सोलमध्ये मुरलेला गायक. १९७७ मध्ये त्याच्या बँडला मोठ्या कंपनीचा करार मिळण्याची चिन्हं दिसत असतानाच बँडमधला बेस वाजवणारा तरुण मोटार अपघातात गेला. पेरीने गाणं सोडायचं ठरवलं होतं. आईने ते सोडू दिलं नाही. त्याच वर्षी तो ‘जर्नी’त आला. १९७८ च्या ‘इन्फिनिटी’ने बँडचा चेहरा बदलला आणि १९८१ मध्ये ‘एस्केप’ अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला.

त्याच अल्बममधलं ‘डोन्ट स्टॉप बिलिव्हिन’ आज जगभर ऐकलं जातं. त्या गाण्याची बांधणी एकदा घड्याळ लावून पाहावी. जेमतेम सव्वाचार मिनिटांचं गाणं, आणि ज्या ध्रुवपदामुळे ते ओळखलं जातं ते यायला तीन मिनिटं उलटून जातात. आधी जोनाथन केनचा पियानो, मग पेरीचा आवाज, मग गिटार, पायरी पायरीने चढत जाणारं सगळं. इतका वेळ श्रोत्याला रोखून धरायचं काम एकटा गळा करतो. गाण्यात डेट्रॉइटचा जो दक्षिण भाग येतो, तसा भागच त्या शहरात नाही. दक्षिणेला नदी आणि पलीकडे कॅनडा. पेरीने नकाशा पाहिला नव्हता, तो शब्द तोंडात कसा बसतो ते पाहिलं होतं. शब्दाच्या अर्थाआधी त्यातला स्वर जोखणारा हा गायक आहे. अशा माणसाला आपला गळा बदलत चालल्याचं इतरांच्या कितीतरी आधी कळत असणार.

आणि तो बदलतोच. स्वरतंतूंची लवचीकता वयानुसार घटते, बरगड्यांचा पिंजरा ताठर होतो, दमसास कमी पडतो. ‘जर्नी’ची गाणी तर अशी रचलेली की आवाज तारसप्तकात नुसता डोकावून परतत नाही, तिथेच मुक्काम करतो. वर्षाला शंभराच्या घरात कार्यक्रम करत ही गाणी गायची म्हणजे गळ्याला रोज कामाला जुंपणं. १९८४ मध्ये ‘स्ट्रीट टॉक’ हा पहिला एकल अल्बम गाजला, पण त्यानंतर आईचं आजारपण आलं, ‘रेझ्ड ऑन रेडिओ’चं काम सुरू असतानाच ती गेली, आणि १९८७ च्या सुरुवातीला दौरा आटोपून पेरी बाजूला झाला. त्याने पुढे मुलाखतींमधून सांगितलेलं कारण साधं आहे: गाण्याची आतली ओढच संपली होती. गळा शाबूत होता, त्यामागचं मन रिकामं झालं होतं.

इथे त्याच्या सहकाऱ्यांची बाजू मांडल्याशिवाय पुढे जाणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. १९९६ मध्ये सगळे पुन्हा एकत्र आले, ‘ट्रायल बाय फायर’ काढला, तो तिसऱ्या क्रमांकावर गेला. दौरा ठरणार तेवढ्यात पेरीच्या खुब्याचं हाड झिजल्याचं निघालं. शस्त्रक्रिया हवी होती, तो ती लगेच करून घ्यायला तयार नव्हता. बँड थांबला, बराच थांबला, आणि शेवटी बँडचा गिटारवादक नील शॉन आणि मंडळींनी दुसरा गायक घेऊन पुढे जायचं ठरवलं. पेरीच्या चाहत्यांनी याला दगाबाजी म्हटलं. मला तसं वाटत नाही. बँड म्हणजे काही घरांची रोजीरोटी असते, आणि पन्नाशीकडे झुकलेल्या वादकांना एका माणसाच्या निर्णयावर वर्षं घालवणं परवडत नाही. आपल्या देहावर सुरी केव्हा चालवायची हेही दुसरं कुणी ठरवू शकत नाही. दोघेही बरोबर होते. असे वियोग सर्वांत अवघड असतात, कारण राग धरायला कुणी सापडत नाही.

मग २००७ मध्ये एक गोष्ट घडली. नील शॉनला यूट्यूबवर मनिलाचा एक गायक सापडला, आर्नेल पिनेडा. आई गेल्यावर लहानपणी काही काळ रस्त्यावर राहिलेला हा माणूस ‘जर्नी’ची गाणी अशी गात होता की डोळे मिटले तर १९८१ साल समोर यावं. बँडने त्याला बोलावलं आणि तो अजून गातो आहे. पिनेडाच्या कर्तृत्वाला मी तसूभरही कमी लेखत नाही, जे त्याने मिळवलं ते स्वतःच्या मेहनतीवर. पण या घटनेचा अर्थ नीट पाहायला हवा. पेरीचा आवाज आता पेरीशिवाय जगात फिरू लागला होता. ज्यांना तो जुना सूर त्याच उंचीवर हवा होता त्यांच्यासाठी त्याची कायमची सोय झाली होती. म्हणजे पेरी परतला तर त्याच्याकडे मागण्यासारखं काय उरणार होतं? जे दुसरा कुणी देऊ शकत नाही तेवढंच: त्याचं वय, आणि त्याला काय सोसावं लागलं ते.

ते सोसणं २०११ नंतरचं. दिग्दर्शक पॅटी जेन्किन्स त्याची मैत्रीण. स्तनाच्या कर्करोगावरच्या एका दूरचित्रवाणीपटात तिने खऱ्या रुग्ण स्त्रियांनाही घेतलं होतं. त्यातली एक काही क्षणांसाठी पडद्यावर दिसली आणि पेरीने तिच्याविषयी विचारलं. ती मानसशास्त्रज्ञ होती. जेन्किन्सने त्याला आधीच सांगितलं की आजार उलटला आहे, शरीरात पसरला आहे, आता मागे फिरायचं तर फिर. तो फिरला नाही. दोघांना दीड वर्षाच्या आसपास सहवास मिळाला. २०१२ च्या डिसेंबरात ती गेली. जाण्यापूर्वी तिने त्याच्याकडून एक वचन घेतलं होतं: मी गेल्यावर पुन्हा स्वतःला कोंडून घ्यायचं नाही.

‘ट्रेसेस’ हे त्या वचनाचं पालन आहे. गायक पीटर गॅब्रिएलच्या ‘अप’ आणि ‘आय/ओ’ या अल्बमांच्या मधेही एकवीस वर्षं गेली, पण तिथे काम सुरूच होतं, गाणी घासून घासून घडत होती. पेरीच्या मौनात गाणंच नव्हतं. म्हणून हे परतणं मला वेगळं वाटतं. उशिरा आलेलं काम आणि मेलेली ओढ पुन्हा जागी होणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

अल्बम निर्दोष नाही. ध्वनिमुद्रण जरा जास्तच गुळगुळीत आहे, संथ गाण्यांची संख्या मोठी आहे, आणि मध्यावर दोनतीन गाणी एकमेकांत मिसळून जातात. जॉर्ज हॅरिसनचं १९६५ मधलं ‘आय नीड यू’ त्याने मनापासून गायलं आहे, पण मूळ गाण्याच्या साधेपणापुढे त्याची सजावट जड वाटते. हे सगळं मान्य करूनही ‘इन द रेन’ ऐकावं. आवाज खाली उतरला आहे. कडेला खरखर आली आहे, जुन्या लुगड्याच्या काठासारखी. जिथे पूर्वी तो सूर ताणून आभाळात नेला असता तिथे आता ओळ अर्ध्यावर सोडतो आणि पुढची जागा पियानोला देतो. श्वास घेतलेला ऐकू येतो. तो श्वास कुणी पुसून टाकलेला नाही हे माझ्या दृष्टीने या अल्बममधलं सर्वांत मोठं धैर्य आहे. कारण आजच्या ध्वनिमुद्रणात सूर सरळ करणं, वर उचलणं, तरुण करणं हे सगळं शक्य आहे.

आपल्याकडच्या श्रोत्याला हे ऐकणं परकं वाटू नये. २००७ च्या डिसेंबरात पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवात पंच्याऐंशी वर्षांचे भीमसेन जोशी पुन्हा गायला बसले तेव्हा साठच्या दशकातल्या तानेचा हिशेब मागायला कुणी आलं नव्हतं. आलेला प्रत्येक सूर लोकांनी जसा आला तसा झेलला. ख्याल गाणाऱ्याचं वय ऐकायची सवय आपल्या कानांना आहे. रॉकने मात्र तारुण्य हाच आपला आशय मानला, आणि ते गाणारी पिढी सत्तरीला पोहोचली तेव्हा तिचं काय करायचं हे श्रोत्यांना उमगेना. म्हणून ते जुन्या गाण्यांचे दौरे मागतात. मोठी मैदानं, तीच यादी, तोच क्रम. त्यात आनंद आहे, नाही असं नाही. पण तो आठवणीचा आनंद आहे. गाणारा माणूस त्या आठवणीच्या कामाला लावलेला असतो.

७ एप्रिल २०१७ रोजी ब्रुकलिनमध्ये ‘जर्नी’चा रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. पेरी आला. जुन्या सोबत्यांच्या गळ्यात पडला, भाषण केलं, सगळ्यांची नावं घेऊन आभार मानले. आर्नेल पिनेडाचंही कौतुक केलं. आणि मग मंचावरून उतरला. गाणी पिनेडाने म्हटली. चाहते हळहळले, आयुष्यात एकदाच येणारी संधी त्याने घालवली असं म्हणणारेही पुष्कळ होते. मला तो त्या रात्रीचा सर्वांत स्वच्छ निर्णय वाटतो. ती गाणी आता दुसऱ्या गळ्यात नांदत होती, आणि त्याने ती त्या गळ्याला मनापासून दिली. स्वतःच्या तरुणपणीची नक्कल करण्याची त्याला गरज उरली नव्हती. घरी त्याची नवी गाणी तयार होत होती.

‘ट्रेसेस’नंतर त्याने जगभराचा दौरा काढला नाही. मोठ्या रकमा नक्कीच पुढे आल्या असत्या. त्याऐवजी २०२० मध्ये याच गाण्यांची साधी, कमी वाद्यांची रूपं त्याने प्रसिद्ध केली, आणि माझ्या मते ती मूळ अल्बमपेक्षा सरस आहेत. वर म्हटलेला गुळगुळीतपणा तिथे निघून जातो, नुसता आवाज उरतो.

वाचकांना एक विनंती. ऐकायला बसाल तेव्हा आधी ‘एस्केप’ लावू नका. तुलना आपोआप होईल आणि नव्या आवाजावर अन्याय होईल. २०२० ची साधी रूपं घ्या, रात्री घर शांत झाल्यावर लावा, आणि सुरुवात ‘मोस्ट ऑफ ऑल’पासून करा.