मर्यादवेलीचा धडा

सृष्टीची शोभा पाहण्यांत एक दिवस घालविणें हा वेळेचा अपव्यय आहे काय, असा प्रश्न आम्हांस पुष्कळदां विचारण्यांत येतो. तळोज्यासारख्या कारखान्यांच्या गांवीं श्रम करणाऱ्यांनीं तो विचारावा, यांत नवल नाहीं.

गेल्या मार्चांत आम्ही कांहीं मंडळी तळोज्याहून रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास गांवीं गेलों. सुरूच्या बनापुढें वाळूचे उंचवटे आहेत. त्यांवर मर्यादवेल पसरली होती. हिचीं पानें आपट्याच्या पानासारखीं दुभागलेलीं व फुलें जांभळट असतात. वाऱ्यानें उडणारी वाळू ती मुळांनीं धरून ठेवते. यिर्मया संदेष्ट्यानें वाळूस समुद्राची मर्यादा म्हटलें आहे. त्या मर्यादेलाही एका कोमल वेलीचा आधार लागतो!

ह्याच किनाऱ्यावर सागरी कासवी रात्रीं खळगा करून सुमारें शंभर अंडीं घालते. पूर्वीं लोक तीं उकरून नेत. २००२ सालीं चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनें गांवकऱ्यांच्या साह्यानें तीं राखण्याचें काम आरंभिलें. आतां अंडीं कुंपणाच्या आंत पुरतात, आणि सुमारें पन्नास दिवसांनीं पिलें निघालीं म्हणजे तीं पाण्याजवळ सोडतात.

सूर्योदयाच्या सुमारास आम्ही दोरीमागें बसलों. आमच्यांतील एका मुलानें पिलूं हातांत मागितलें. राखणदार म्हणाला, "बाळा, त्याचें त्याला जाऊं दे." मूल हिरमुसलें, परंतु पिलूं लाटेंत शिरतांच पहिली टाळी त्यानेंच वाजविली.

परततांना आम्हांस लाज वाटली. आमच्या तळोज्याची कासाडी नदी कारखान्यांच्या सांडपाण्यानें दूषित झाली आहे. ऑगस्ट २०१७ मध्यें तेथील भटकीं कुत्रीं निळ्या रंगानें माखलेलीं आढळलीं व त्यांचीं चित्रें सर्वत्र गेलीं. तीं पाहून आम्हीही हंसलों होतों. वेळासच्या पिलांकरितां श्वास रोधून बसणारे आम्ही, दारच्या मुक्या जिवांकरितां मात्र हंसून मोकळे झालों!

म्हणून, प्रिय वाचकहो, आमचें उत्तर असें: निर्मळ आनंद हा अपव्यय नव्हे, तें ऋण आहे, आणि तें घरीं फेडावयाचें असतें. कोणी म्हणेल, कारखान्यांचें पाणी आमच्या हातीं नाहीं. खरें, पण मर्यादवेलीच्या हातीं तरी समुद्र कोठें आहे? ती आपल्या मुळांपुरती वाळू धरते, आणि सोडीत नाहीं.