पोटदुखीचा आप्त

शाळेच्या वेळी मूल पोट धरून बसले की घरात प्रेमळ हशा पिकतो, ‘गृहपाठ दुखतोय वाटतं!’ प्रेम खरेच असते, पण निवाडा घाईचा होतो. न्यायदर्शन ही भारतीय तर्कपरंपरा शब्दाला, म्हणजे कुणाच्या सांगण्याला, प्रमाण मानते ते तो आप्ताचा असेल तर. आणि आप्त म्हणजे नुसता नातलग नव्हे, वस्तू प्रत्यक्ष जाणणारा व जशी आहे तशी सांगू इच्छिणारा. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखेच लावले. वयाची अट घातली नाही. स्वतःच्या दुखण्याचा प्रत्यक्ष ज्ञाता मुलाखेरीज दुसरा कोण?

मुले बहाणे करतात, हा आक्षेप खोटा नाही. पण तो आप्ताच्या दुसऱ्या अटीविषयीचा, म्हणजे जसे आहे तसे सांगण्याच्या इच्छेविषयीचा, संशय झाला, आणि नैयायिकांच्या मते संशयापासून परीक्षा सुरू होते. शिवाय शाळेच्या धास्तीनेही पोट खरोखर दुखते, हे बालरोगतज्ज्ञ जाणतात. विनोदाने भीती हलकी होते हेही मान्य. मात्र तो चौकशीनंतर शोभतो. आधीच हसलो तर मूल सांगणेच सोडू शकते. म्हणून आईबाबांनो, उद्या सकाळी आधी एवढेच विचारा: कुठे दुखतंय, आणि कधीपासून?