एक भाता, दोन सूर



करिंथ येथील भाविकांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात संत पौल ख्रिस्तसभेला शरीराची उपमा देतो. अवयव पुष्कळ, शरीर मात्र एक. हा उतारा आपण मिस्सामध्ये इतक्यांदा ऐकला आहे की तो कानावरून जातो आणि मनात उतरायचा राहतो. म्हणून आज हाच विचार एका लहानशा वाद्याच्या आधाराने समजून घेऊ या. त्या वाद्याचे नाव कॉन्सर्टिना.

कॉन्सर्टिना म्हणजे दोन हातांत मावणारी षट्कोनी पेटी. मध्ये घड्यांचा भाता, दोन्ही टोकांना बटणे. आत आपल्या हार्मोनियममध्ये असतात तशा धातूच्या रीड्स. जर्मनीतील केमनित्स शहरात कार्ल उलिग यांनी १८३४ च्या सुमारास असे एक वाद्य बनवले आणि त्यातूनच पुढे आयर्लंडमध्ये आवडीने वाजवला जाणारा प्रकार निघाला. त्याची गंमत अशी की बटण एकच, पण भाता दाबला की एक सूर येतो आणि ओढला की दुसरा. नुसता दाबत राहिलात तर थोड्याच वेळात हवा संपते. नुसता ओढत राहिलात तर भाता ताणून ताणून अडतो. गाणे पूर्ण व्हायचे तर घेणे आणि देणे दोन्ही हवे.

आपल्या श्रद्धाजीवनाचेही असेच आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात परमेश्वर मातीच्या माणसात श्वास फुंकतो, तेव्हा कुठे तो जिवंत होतो. म्हणजे आपला पहिला श्वासही घेतलेला आहे, कमावलेला नाही. देवाकडून कृपा घ्यायची आणि शेजाऱ्याला द्यायची. काही जण आयुष्यभर घेतच राहतात. काही जण देत राहतात, पण प्रार्थनेला बसून भरून घ्यायचे विसरतात आणि एके दिवशी आतून रिकामे होतात. दोघांचेही गाणे मध्येच थांबते.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर क्लेअर नावाचा परगणा आहे. तेथील शेतकरी कुटुंबांत ही पेटी घरोघरी पोहोचली. स्वस्त जर्मन पेटी गरिबालाही परवडत असे आणि ती विशेषकरून बायकांच्या हाती रुळली. दिवसभर गुरे, दूध, मुले, रांधणे झाले की संध्याकाळी त्याच स्वयंपाकघरात शेजारीपाजारी जमत. चुलीजवळ बसून घरची बाई पेटी वाजवी आणि बाकीचे नाचत. तिकीट नाही, मंच नाही. ज्याला जे येते ते त्याने आणायचे.

याच परगण्यातील किलरश गावच्या श्रीमती एलिझाबेथ क्रॉटी यांचे उदाहरण पाहा. त्यांचा जन्म १८८५ चा. पतीसमवेत त्या गावच्या चौकात दारूचे दुकान चालवत आणि तिथेच कॉन्सर्टिना वाजवत. १९५० च्या दशकात आयर्लंडच्या नभोवाणीने त्यांचे वादन ध्वनिमुद्रित केले, तेव्हा त्या साठी ओलांडून गेल्या होत्या. १९६० मध्ये त्या वारल्या. गल्ल्यामागे उभी राहणारी ही बाई आजही तेथील वादकांना गुरुस्थानी आहे. संत पौल म्हणतो की दुर्बळ वाटणारे अवयवच अधिक गरजेचे असतात, त्याचा हा केवढा पुरावा!

आता एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. कारण ती आपल्याच ख्रिस्तसभेच्या घरातली आहे. १९२५ मध्ये आयर्लंडच्या बिशपांनी नाचगाण्यातील धोक्यांविषयी एक निवेदन काढले. पुढे १९३५ मध्ये सरकारने सार्वजनिक नृत्यगृहांसाठी परवान्याचा कायदा केला. कायदा सार्वजनिक जागांसाठी होता. पण अनेक ठिकाणी पोलिसांनी आणि धर्मगुरूंनी त्याचा बडगा घरगुती मेळ्यांवरही उगारला. स्वयंपाकघरातील संगीत ओसरले. मोठ्या सभागृहांत मोठे वाद्यवृंद आले आणि त्या गोंगाटात लहानशा कॉन्सर्टिनाचा आवाज दबून गेला. गावे स्थलांतराने आधीच रिकामी होत होती, त्यात लोकांचे एकत्र बसण्याचे निमित्तही गेले.

त्या धर्मगुरूंचा हेतू वाईट होता असे म्हणण्याचे कारण नाही. त्यांना तरुणांच्या नीतीची काळजी होती. पण ज्या मेळ्यात आजी, आई, मुले आणि शेजारी एकत्र बसत होते, तेथे तरुणांवर प्रेमळ नजर आपोआप होती. ती नजर मोडून वर कायदा बसवला गेला. आणि त्याच परगण्यातील किलफनोरा गावात १९०९ मध्ये चर्चवरील कर्ज फेडण्यासाठी निधी जमवताना लोकवादकच पुढे सरसावले होते, हेही विसरता येत नाही. ज्या संगीताने देवळाला हात दिला, त्याच संगीताकडे पुढे संशयाने पाहिले गेले. गव्हातील निदण उपटण्याची घाई करू नका, गहूही उपटला जाईल, असे प्रभू येशूने दाखल्यात का बजावले, ते इथे कळते.

तरीही तो सूर मेला नाही. मिलटाऊन मॅलबे परिसरात गॅरेट बॅरी नावाचे एक अंध पाइपवादक होते. त्यांच्या चाली गिल्बर्ट क्लॅन्सी यांनी कानात साठवल्या. हे गिल्बर्ट कॉन्सर्टिना आणि बासरी वाजवत. त्यांनी त्या चाली आपला मुलगा विली याला दिल्या. विली क्लॅन्सी मोठे पाइपवादक झाले आणि १९७३ मध्ये वारले. त्याच वर्षी त्यांच्या नावाने गावात उन्हाळी संगीतशाळा सुरू झाली. दर जुलैमध्ये जगभरातून माणसे त्या लहान गावात शिकायला येऊ लागली आणि कॉन्सर्टिनाही नव्या पिढीच्या हाती परत आली. एका अंध माणसाने दिलेले असे पुढे पोहोचले. आपल्याला जे मिळाले तेच तुम्हांला दिले, असे संत पौल प्रभुभोजनाविषयी सांगतो. श्रद्धेची परंपरा म्हणजे हेच आहे. ती पुस्तकातून जितकी येते, तितकीच आईच्या मांडीवरून येते.

या लोकांच्या बैठकीची रीतही शिकण्याजोगी आहे. सगळे वर्तुळात बसतात. धून एकच, तीच दोनतीनदा फिरते, आणि सगळी वाद्ये मिळून तीच वाजवतात. जो आपलाच आवाज मोठा करतो, तो कितीही हुशार असला तरी बैठक बिघडवतो. ज्याला धून येत नाही तो गप्प बसून ऐकतो, आणि ऐकणे हाही सहभागच मानला जातो. नवशिक्यासाठी एखादी सोपी धून सावकाश वाजवली जाते, म्हणजे त्यालाही बोटे टेकवता येतात.

बंधुभगिनींनो, आपल्या धर्मग्रामाकडे या नजरेने पाहू या. आपल्या गायनवृंदात ठरावीक चारच आवाज आहेत का? लग्नघरातील जुनी गाणी येणाऱ्या आजीबाईंच्या जवळ आपल्यापैकी कोण जाऊन बसले आहे? एखादा तरुण गिटार घेऊन आला, तेव्हा आपण त्याला जागा दिली की त्याच्या केसांकडे बोट दाखवले? भाड्याने राहायला आलेले नवे कुटुंब रविवारी शेवटच्या बाकावर बसते आणि मिस्सा संपताच निघून जाते. त्यांच्यासाठी आपण कधी धून सावकाश केली का?

द्वितीय व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये पवित्र उपासनेविषयीच्या दस्तऐवजात प्रत्येक लोकसमूहाच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला मान देण्यास सांगितले. तो मान कागदावर राहू नये. या आठवड्यात प्रत्येक घराने एक गोष्ट करावी. रात्रीच्या रोझरीनंतर दूरचित्रवाणी बंद ठेवून घरातील सर्वांत वयस्कर माणसाकडून एक गाणे किंवा एक प्रार्थना ऐकावी आणि ती लहान मुलाकडून म्हणवून घ्यावी. इतके झाले तरी एक धून पुढे गेली.

हे प्रभो, तुझा श्वास आमच्यात भर. जे घेतले ते देण्याचे बळ दे, आणि तुझ्या मंडळात कोणालाही बाकाच्या टोकाला एकटे राहू देऊ नकोस. आमेन.