अनोळखी गांवचा आनंद

परभणीसारख्या समुद्रापासून दूरच्या जिल्ह्यांतील तरुण मंडळींना आज गोव्याचें जें वेड लागलें आहे, तें आमच्या वाचकांनीं केवळ नाक मुरडून सोडून द्यावें असें आम्हांस वाटत नाहीं. सुटीच्या आधीं दोन महिने बेत सुरू होतो. कोणी वर्गणीचा हिशेब मांडतो, कोणी तिकिटें पाहतो, कोणी कळंगुटला उतरावें कीं हणजूणला यावर वाद घालतो. बागा येथील नाचघरांचीं नांवें गंगाखेडच्या मुलांसही तोंडपाठ असतात. घरीं मात्र सांगितलें जातें कीं, मंगेशीचें दर्शन घेऊन येतों. (दर्शन पुष्कळदा खरोखरच घेतलें जातें, हें न्यायबुद्धीनें नमूद केलें पाहिजे.)

या शेवटच्या वाक्यांतच खरा प्रश्न दडलेला आहे. नुसता समुद्रच हवा असता, तर श्रीवर्धनचा कांहीं कमी नाहीं. नाचांत देहभान हरपण्याची हौस म्हणावी, तर शेगांवची पालखी आषाढीसाठीं आमच्याच जिल्ह्यांतून पंढरीस जाते, आणि टाळमृदंगाच्या ठेक्यावर भलेभले गृहस्थ स्वतःस विसरतात. तेव्हां नाचण्यास नांवें ठेवणाऱ्यानें आधीं दिंडीचा विचार करावा. भेद इतकाच कीं, दिंडींत शेजारीं नाचणाऱ्यास आपलें शेत, आपलें कर्ज, आपला बाप ठाऊक असतो. बाग्यास कोणासच कांहीं ठाऊक नसतें. तिकिटाच्या पैशांत विकत घेतला जातो तो हा अनोळखीपणा.

प्लेटोनें 'रिपब्लिक' ग्रंथाच्या दुसऱ्या भागांत एका मेंढपाळाची गोष्ट दिली आहे. त्यास एक अंगठी सांपडते; तिचा खडा आंत वळविला कीं तो अदृश्य होतो. मग तो राणीस वश करतो, राजास मारतो आणि गादीवर बसतो. अशी अंगठी हातीं आल्यावर सज्जन तरी सज्जन राहील काय, असा तेथें सवाल आहे.

आम्ही त्या अंगठीस सर्वस्वीं वाईट म्हणत नाहीं. ज्या गांवांत प्रत्येक खिडकीस डोळे असतात, तेथील मुलीस रात्रीं दहा वाजतां वाळूवरून कोणाच्याही नजरेवांचून चालतां येणें हें पाप नव्हे; तो मोकळा श्वास आहे. शिवाय सदोदित पहाऱ्याखालीं जें घडतें, त्यास सदाचार म्हणावें कीं नुसती शिस्त, याचीही शंकाच आहे. पहारा उठल्याशिवाय मनुष्याची परीक्षा होत नाहीं.

परंतु येथें एक गफलत होते. प्रवासी अदृश्य होत नाहीं. त्याच्या लेखीं तेथील लोक अदृश्य होतात. कळंगुट हीदेखील कोणाची तरी परभणीच आहे. ज्या वाळूंत रात्रीं बाटल्या फुटतात, त्याच वाळूवर सकाळीं कोळी रापण ओढतात. समुद्रकाठीं उघड्यावर मद्यपान व स्वयंपाक करण्यास 2019 मध्यें गोवें सरकारला दंड लावावा लागला, तो उगाच नव्हे. भूमध्यसमुद्रांतील इबिझा बेटावर फिनिशियन लोकांनीं ख्रिस्तपूर्व सातव्या शतकांत नगर वसविलें. आज जगभरचे तरुण तेथें नाचावयास जातात. तेथेंही बेलिआरिक बेटांच्या सरकारनें 2020 मध्यें मद्याच्या स्वस्ताईवर कांहीं ठिकाणीं बंदी घातली, आणि 2024 च्या मे महिन्यांत खुद्द रहिवासी, आम्हांसच राहावयास घर मिळेना, म्हणून रस्त्यावर उतरले. 'येथें मला कोणी ओळखत नाहीं' याचा अर्थ बहुधा 'येथल्या कोणाची मला पर्वा नाहीं' असा निघतो.

मात्र याचा सारा बोजा तरुणांच्या माथीं मारणें आम्हांस पटत नाहीं. 'लोक काय म्हणतील' हें एकच कारण घरोघरीं नीतीच्या नांवाखालीं शिकविलें जातें. कुडाळ ओलांडून गाडी गोव्याच्या हद्दींत शिरली कीं ते लोक मागें राहतात, आणि त्यांच्यासवें तें कारणही.

मग मुलांनीं जाऊं नये काय? खुशाल जावें, घरीं मात्र खरें सांगून जावें, असें आम्हीं विद्यार्थ्यांस सुचविलें. त्यावर वर्गांतील एका मुलीनें उत्तर दिलें कीं, खरें सांगितलें तर तिच्या भावास थोडे पैसे कमी मिळतील, आणि तिचें जाणेंच रहित होईल. एकच खोटें दोघांच्या तराजूंत सारखें भरत नाहीं, हें तिचें म्हणणें आम्हांस खोडून काढतां आलेलें नाहीं.