धुराचा हिशेब

ग्लासगो शहरात सेंट रोलॉक्स नावाचा एक रसायनांचा कारखाना होता. चार्ल्स टेनंट यांनी १७९९ साली ब्लीचिंग पावडरचे पेटंट घेतले आणि त्या पांढऱ्या भुकटीच्या जोरावर हा कारखाना जगातल्या सर्वांत मोठ्या रसायन कारखान्यांत जाऊन बसला. त्याच्या आम्लयुक्त वायूंनी आसपासची वस्ती बेजार झाली. १८४२ साली तिथे ४३५ फूट उंच धुराडे उभे राहिले. धूर तेवढाच राहिला, फक्त लांब जाऊन पडू लागला.

याच टेनंट घराण्यात पुढे सुमारे एकशे चाळीस वर्षांनी टेसा ही तरुणी सून म्हणून आली. लंडनच्या किंग्ज कॉलेजात पर्यावरणाचे शिक्षण घेतलेल्या टेसा टेनंट ‘ग्रीन अलायन्स’ या संस्थेत काम करत होत्या. दोन घटनांचा थेट संबंध मी जोडत नाही. पण त्यांचे काम समजून घेताना ते धुराडे माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

टेसा पुढे गुंतवणुकीच्या क्षेत्रात आल्या, पण पैशाला नीती लावण्याची कल्पना त्यांची नव्हे. ती धर्मातून आली. क्वेकर पंथीयांनी अठराव्या शतकातच गुलामांच्या व्यापारापासून आपल्या माणसांना दूर राहायला सांगितले होते. व्हिएतनाम युद्धात नापाम बॉम्बचे लोट पाहून अमेरिकेतल्या मेथडिस्ट मंडळींनी १९७१ मध्ये पॅक्स वर्ल्ड फंड काढला. ब्रिटनमध्ये १९८४ साली फ्रेंड्स प्रॉव्हिडंट या विमा कंपनीचा ‘स्ट्युअर्डशिप’ फंड आला. या सगळ्यांची भाषा वर्ज्यतेची होती: दारू नको, तंबाखू नको, शस्त्रे नकोत. आपल्याकडे उपवासाला काय चालत नाही याची यादी असते, तशीच ही यादी. ती पाळणाऱ्याचे हात स्वच्छ राहतात, कारखान्यात मात्र काही बदलत नाही, कारण सोडलेला शेअर दुसरा कोणीतरी घेतोच.

टेसा अमेरिकेत गेल्या आणि बॉस्टनमध्ये जबाबदार गुंतवणूक करणाऱ्या जोन बव्हेरिया यांचे काम त्यांनी जवळून पाहिले. परतल्यावर १९८८ साली त्यांनी मर्लिन इकॉलॉजी फंड उभा करण्यात पुढाकार घेतला. ब्रिटनमधला हा पहिला हरित फंड, पुढे ज्युपिटर इकॉलॉजी या नावाने ओळखला गेलेला. त्याच वर्षी हवामानबदलावरची आंतरसरकारी समिती स्थापन झाली आणि मार्गारेट थॅचर यांनी रॉयल सोसायटीसमोर वातावरणाच्या धोक्यावर भाषण केले. वारा अनुकूल होता, पण फंडाची खरी नवलाई मला वेगळ्याच ठिकाणी दिसते. ‘काय नको’ यावर न थांबता ‘काय हवे’ हे त्यांनी शोधायला घेतले. पाणी शुद्ध करणाऱ्या, ऊर्जा वाचवणाऱ्या, कचऱ्यातून काही घडवणाऱ्या कंपन्या शोधायच्या. त्यासाठी पर्यावरणाच्या नजरेने कंपन्या तपासणारी माणसे फंडातच नेमली. शेअर बाजारात ताळेबंद वाचणारे ढिगाने होते. नदीत काय सोडले जाते हे विचारणारे कोणी नव्हते.

आणि विचारायला लागल्यावर कळले की उत्तरच कुठे लिहिलेले नाही.

या अडचणीतून पुढची पायरी आली आणि माझ्या मते तीच सर्वांत मोठी. २००० साली पॉल डिकिन्सन आणि आणखी काही सहकाऱ्यांसोबत त्यांनी ‘कार्बन डिस्क्लोजर प्रोजेक्ट’ सुरू केला. २००२ साली ३५ गुंतवणूकदार संस्थांच्या सह्यांचे पत्र जगातल्या ५०० बड्या कंपन्यांना गेले. तुम्ही किती कार्बन सोडता आणि त्याचा तुमच्या धंद्याला काय धोका आहे, एवढेच त्यात विचारले होते. कुणावर बहिष्कार नव्हता की उपदेश नव्हता. मराठीत ‘गुंतवणूक’ हा शब्द गुंतण्यातून आला आहे, आणि तो मला इथे अगदी शब्दशः खरा वाटतो. ज्याचा पैसा गुंतला, तोही त्या धुरात गुंतला. म्हणून विचारण्याचा हक्क त्याचाच.

विचाराचा धागा त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी पुढे ओढला. इकॉलॉजी फंडात त्यांच्यासोबत असलेल्या मार्क कँपनाले यांच्या ‘कार्बन ट्रॅकर’ या संस्थेने २०११ साली एक साधी वजाबाकी मांडली. जगाच्या ज्ञात जीवाश्म इंधनसाठ्यांत २,७९५ अब्ज टन कार्बन डायऑक्साइड दडला आहे. तापमानवाढ दोन अंशांखाली ठेवायची तर २०५० पर्यंत त्यातला ५६५ अब्ज टनच सोडता येईल. मग उरलेला साठा कंपन्यांच्या वह्यांत मालमत्ता म्हणून का दाखवायचा? मुद्दा नीतीचा होताच, आता तो हिशेबाचाही झाला.

सरकारी पैशाची वाट मात्र लवकर संपली. २०१२ साली एडिंबरोत ब्रिटनची ग्रीन इन्व्हेस्टमेंट बँक सुरू झाली, सुरुवातीला ३०० कोटी पौंडांची तरतूद होती, आणि टेसा तिच्या संचालक मंडळावर होत्या. २०१७ साली ती बँक मॅक्वारी या ऑस्ट्रेलियन वित्तसंस्थेला २३० कोटी पौंडांना विकली गेली. लोकांच्या पैशातून उभी राहिलेली ही संस्था इतक्या लवकर हातची जायला नको होती, असे मला मनापासून वाटते. पुढच्याच वर्षी, जुलै २०१८ मध्ये, वयाच्या ५९ व्या वर्षी कर्करोगाने टेसा गेल्या.

त्यांच्या वाटेचा एक दोषही सांगायला हवा. प्रश्नाचे उत्तर देणे हेच काम झाले की कंपनी अहवाल छापते आणि धूर चालूच राहतो. सांगणे म्हणजे कमी करणे नव्हे. तरीही न सांगण्याच्या काळात परत जावेसे मला वाटत नाही.

आपल्याकडेही सेबी या बाजार नियामक संस्थेने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या हजार भारतीय कंपन्यांना शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केला. त्यात कारखान्यातून थेट निघणारा आणि विकत घेतलेल्या विजेमागचा, दोन्ही कार्बन टनांत लिहावा लागतो. एसआयपीच्या वाटेने पुण्या-नाशिकच्या कितीतरी घरांचा पैसा याच कंपन्यांत गुंतलेला आहे. वार्षिक अहवाल हाती आला की मी आता आधी ते पान काढतो, गेल्या वर्षीचा आकडा शेजारी ठेवतो आणि मग नफ्याकडे वळतो.