सहावा व्यापार

वाणसामानाच्या दुकानात बसणाऱ्याला गिऱ्हाइकाची गरज ओळखायला कसली पाहणी करावी लागत नाही, उधारीची वही पुरते. तेलाची पिशवी लिटरवरून अर्ध्या लिटरवर आली, तूरडाळीच्या जागी मसूर जायला लागली, की त्या घरात काय चाललंय ते कळतं. एखाद्या घरी एकाएकी नाचणीचं पीठ आणि कणी सुरू होते. बाळ तरी वरचं खायला लागलेलं असतं, नाहीतर म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलेलं. विचारायचं नसतं. पुढच्या खेपेला गणपती पेठेतून नाचणी जास्त मागवायची, एवढंच. हे मी दुकानात अण्णांच्या हाताखाली शिकलो आणि त्यात आजही मला काही वावगं दिसत नाही.

अण्णा म्हणायचे, गरजेला माल द्यावा, हौसेला भरीला घालू नये. पण या दोन्हींमधली रेघ मारायची कुणी? शाम्पूची पुडी घ्या. कडलूरच्या सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये पंधरा हजार रुपयांवर धंदा सुरू केला आणि बाटली न परवडणाऱ्यांपर्यंत पुडीतून शाम्पू नेला. शिकेकाई असताना ही थेरं कशाला, असं आमच्या आळीत बऱ्याच जणांचं मत होतं. पण आमच्याकडे येणाऱ्या एक मावशी दिवसभर भांगलण करून येतात, डाळ-तांदूळ बेतानं घेतात आणि शेवटी म्हणतात, "एक पुडी टाका हो, पोरीला उद्या कॉलेजात जायचंय." ही हौस म्हणायची माझी तरी छाती होत नाही. ॲडम स्मिथनं १७७६ च्या आपल्या ग्रंथात हेच लिननच्या सदऱ्याबद्दल मांडलंय. ग्रीक-रोमनांचं त्याच्यावाचून काही अडलं नाही, पण आपल्या काळी साध्या मजुरालाही तो नसेल तर चारचौघांत जायची लाज वाटते, म्हणून तो गरजेच्या वस्तूंतच धरायचा. चारचौघंच गरज ठरवतात, असा याचा अर्थ.

इथवर ठीक. पण लाजेवरून गरज ठरत असेल, तर लाज वाढवणाराही धंदेवाईकच निघाला तर? फेअर अँड लव्हली १९७५ मध्ये बाजारात आली. गोऱ्या रंगाचं वेड काही त्या क्रीमनं आणलं नाही, ते आपल्या सोयरिकींत आधीपासून मुरलेलं होतं. ते हेरलं गेलं, त्याला माल पुरवला गेला. म्हणजे गरज हेरायची आणि भागवायची, या धंद्याच्या पुस्तकातल्या व्याख्येप्रमाणे सगळं बिनचूक झालं. वर्षानुवर्षं जाहिरातीत सावळी मुलगी आधी पडेल चेहऱ्याची आणि नंतर उजळून नोकरी मिळवणारी दिसली. २०२० मध्ये नावातलं 'फेअर' गेलं, ट्यूब राहिली.

उपासकानं कोणते व्यापार करू नयेत, ते बुद्धांनी सांगितलंय. अंगुत्तर निकायात पाच आहेत: शस्त्रं, जीव, मांस, मद्य आणि विष. मला त्यात एक गोष्ट जाणवते. ती यादी मालाची आहे. तृष्णेबद्दल त्यांनी उदंड सांगितलं, पण ते ज्याला ती लागते त्याला. ती लावून देण्याचाच कुणी धंदा काढेल, हे त्या यादीत नाही. माझ्या हातात असतं तर मी सहावा व्यापार घातला असता, उणेपणाचा: तुझ्यात काहीतरी कमी आहे, हे आधी माणसाला पटवायचं आणि मग तेच भरून द्यायचे पैसे घ्यायचे. अशा धंद्यात गिऱ्हाईक समाधानी होऊन चालतच नाही.

बोलायला हे सोपं आहे. कंपनीचा माणूस येतो तो खालची फळी मागतो, पोरांच्या डोळ्यांसमोर येणारी. "शेठ, फळी द्या, डिस्प्लेचे पैसे या महिन्यापासून चालू करतो." पोराला नाही म्हणता येत नाही आणि आईला चारचौघांत पोराचं रडं सोसत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे आणि मलाही. तिथं मी केरसुण्या ठेवल्यात.

यावर आमचे चिरंजीव मला हिशेब दाखवतात. "बाबा, पलीकडचे ते पैसे घेतात, म्हणून तर त्यांना डाळ किलोमागे दोन रुपये कमी लावता येते. तुमच्या तत्त्वाचे पैसे कोण भरतंय?" हिशेब बरोबर आहे. ते दोन रुपये मावशी भरतात, आणि ती फळी अडवून धरा असं त्यांनी मला कधी सांगितलेलं नाही.