किल्लीची नोंद

कुलूप ही वस्तू आम्हां कारकुनांच्या नित्य परिचयाची. कचेरीतील कपाटांना कुलपे असतात आणि त्याबद्दल आमची तक्रार नसते. कारण किल्ली कोणाकडे आहे व ती कोणत्या कारणासाठी दिली, याची नोंद कोठल्या तरी वहीत असते. ज्या कुलपाची नोंदच नाही, त्याविषयी मात्र मन साशंक होते. असे एक कुलूप आपण सारे खिशात घेऊन हिंडतो, हे आम्हांस बंगळुरात कळले.

२०२२ च्या सप्टेंबरातील पावसाने या शहराच्या पूर्व भागात हाहाकार उडविला. त्या रात्री आमच्या वस्तीतील वीज गेली, पाठोपाठ मोबाईलचे जाळेही गेले. शेजारच्या वृद्ध गृहस्थांचा जुना ट्रान्झिस्टर तेवढा बोलत होता. आमचा फोन त्याच्या वीसपट किमतीचा, परंतु मुका! जिन्यात भेटलेला तरुण अभियंता म्हणाला, “सर, तुमच्या फोनातल्या चिपला एफ. एम. ऐकता येते. इअरफोनची तार हीच तिची अँटेना. पण फोन बनवणाऱ्यांनी ती सोय बंद ठेवली आहे.”

पुढे त्याच्याकडूनच समजले की, मनोऱ्यांशी बोलणारा बेसबँड नावाचा प्रोसेसर फोनात निराळाच असतो. त्यातील आज्ञावली उत्पादकाच्या डिजिटल सहीवाचून सहसा बदलता येत नाही. बाहेरच्या प्रोग्रॅमरला संदेश किती प्रबळ आहे, मनोरा कोणता, एवढेच कळते. खुद्द लहरींपर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. मग प्रश्न पडतो : जी वस्तू आम्ही दाम मोजून घेतली, तिची एक शक्ती आमच्यापासूनच झाकलेली असेल, तर ती वस्तू आमची म्हणावी काय?

पूर्वपक्ष दुबळा नाही. शेत आपले असले तरी पाटाचे पाणी आपल्या एकट्याचे नसते. एकाने मनास येईल तेथे बांध फोडला, तर खालच्या शेतांचे नुकसान होते. आकाशातील लहरींचेही तसेच. कोणी भलत्या लहरीवर प्रक्षेपण केले, तर दुसऱ्याचा संकटातील पुकारा बुडेल. म्हणून बोलण्यावर बंधन हवे, हे आम्ही निःशंकपणे मान्य करतो.

परंतु ऐकण्याने कोणाचे पाणी तुटते? जी वाणी सर्वांसाठीच प्रसृत झाली, ती एकाने अधिक ऐकल्याने दुसऱ्याला कमी पडत नाही. उलट लाभच होतो. २०१६ साली अँड्रॉइडने उपग्रहांच्या संदेशांची कच्ची मापने प्रोग्रॅमरांना खुली केली. अशाच मापनांच्या आधारे, लक्षावधी फोनांच्या साहाय्याने आयनांबराचा नकाशा काढल्याचे संशोधन २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. एक लहानसे दार उघडले, आणि खिशातील फोन वेधशाळेच्या कामी आला.

बोलण्याच्या बाबतीतही सरकारने सरसकट अविश्वास दाखविलेला नाही. हौशी रेडिओचालक परीक्षा देतो, परवाना मिळवितो आणि नेमून दिलेल्या लहरींवर प्रक्षेपण करतो. येथे कुलूप आहे, तशी किल्लीही आहे. ती कोणास मिळावी हे नियमाने ठरते, आणि नकार मिळाल्यास दाद मागता येते. फोनातील कुलपाचे तसे नाही. ते कायद्याने घातले की धंद्याच्या सोयीने, हे विचारण्याची खिडकीच नाही.

एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने उत्पादकांना सूचना केली की, ज्या फोनांत एफ. एम. ग्राहक आहे, त्यांतील तो बंद ठेवू नये. आपत्काळात आकाशवाणी ऐकू यावी, हा तिचा एक हेतू. ती वाचून आम्हांस त्या पावसाळी रात्रीची आठवण झाली. परंतु सूचना म्हणजे अधिकार नव्हे.

आपण सारे घरापासून दूर, परभाषेच्या मुलखात नोकरी करणारे. एखादा ओळखीचा आवाज कानी पडण्याचे मोल आपल्याला कोणी सांगावयास नको. म्हणून आमचे म्हणणे एवढेच : ऐकण्याचे दार मालकाला मोकळे असावे, बोलण्याच्या दाराला कुलूप असावे, परंतु पात्र माणसाला किल्ली मिळावी. आणि जेथे कुलूप राहीलच, तेथे ते कोणी व कशासाठी घातले, हे लिहून ठेवलेले असावे. सरकारी कपाटाला आपण जो नियम लावतो, तो आपल्याच खिशाला लावू नये काय?